डायरीतला शेरा आणि आजी-आजोबांची भूमिका

सायंकाळी नातवाचे दप्तर आवरताना शाळेच्या डायरीतील शेरा आपल्या नजरेस पडतो : ‘वर्गात स्वस्थ बसत नाही, इतरांनाही त्रास देतो.’ मुलगा-सून अजून कामावरून परतायची आहेत. नातू मान खाली घालून उभा आहे. अशा वेळी आपल्या तोंडून निघणारे पहिले वाक्य फार मोलाचे असते.

‘आम्ही छडी खाल्ली म्हणून सुधारलो,’ असे आपली पिढी सहज म्हणून जाते. पण जरा आठवून पाहा. छडीने आपण गप्प झालो हे खरे. मनात घर करून राहिले ते मायेने शिकवणारे गुरुजीच. आता तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस शाळेत मनाई आहे.

छडीवाचून वर्ग कसा सांभाळावा, हा प्रश्न जुनाच आहे. १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो आणि पुरता फसतो. पुढे तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा गलका करणारी तीच मुले तल्लीन होऊन ऐकतात. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हाच विचार १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीच्या बालवाडीत रुजवला.

वर्गातील चुळबुळीमागे पुष्कळदा शरीराचेही कारण दडलेले असते. फळ्यावरची अक्षरे अंधुक दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. सर्दीने कानात द्रव साचला, की सूचना नीट ऐकू येत नाहीत आणि ‘लक्ष देत नाही’ असा बोल लागतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते; ती अपुरी पडली तर मोठ्यांप्रमाणे पेंगण्याऐवजी अनेक मुले उलट अधिकच अस्वस्थ होतात. म्हणून आधी डोळे व कान तपासून घ्यावेत. निजण्याची वेळ व सकाळची न्याहारी सांभाळावी. अतिचंचलता किंवा एकाग्रतेचा अभाव शाळेत आणि घरीही सहा महिन्यांहून अधिक काळ दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. निदान करण्याचे काम मात्र त्यांचेच. शेजाऱ्यांचे नव्हे, आपलेही नव्हे.

शिक्षिकेला भेटायचे ठरल्यास तक्रार घेऊन नव्हे, तर प्रश्न घेऊन जावे. तो कोणत्या तासाला बिथरतो? कोठे बसतो? फळा पुसणे, वह्या वाटणे असे काही काम दिल्यास रमतो का? घरीही एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती पाळल्यावर ‘शहाणा’ एवढेच न म्हणता, नेमके काय चांगले केले ते सांगावे.

‘व्रात्य’ हा शिक्का कोवळ्या वयात बसला, की मूल तसेच वागू लागते. तेव्हा आज डायरी हळूच मिटा, नातवाला जवळ घ्या आणि विचारा, ‘बाळा, आज वर्गात काय झालं?’ मग मध्ये न बोलता ऐका. त्याचे सांगून झाले, की त्याला एक गोष्ट सांगा. तो किती स्वस्थ बसू शकतो, हे कदाचित आपल्यालाच प्रथम कळेल.