संगणकप्रणालीची माहितीपुस्तिका आणि प्रत्यक्ष वर्तन : दोषाच्या गांभीर्याविषयीचे मतभेद

प्रस्तावना :
संगणकप्रणालीसोबत मिळणारी माहितीपुस्तिका ही वापरकर्त्याला दिलेली एक प्रकारची हमी असते. पुस्तिकेत एक सांगितलेले असते व प्रणाली दुसरेच करते, तेव्हा दोष आहे याविषयी सहसा वाद होत नाही. तो किती गंभीर मानावा, याविषयी मात्र होतो. या मतभेदाचे स्वरूप मराठी लेखनाशी निगडित एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मराठीतील 'ऱ'चे उदाहरण :
'ऱ्य', 'ऱ्ह' ही जोडाक्षरे संगणकात दोन प्रकारे साठविली जातात. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकास अनुसरून युनिकोडने 'ऱ' व हलन्तचिन्ह हा क्रम सांगितला आहे. तथापि १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून 'र', हलन्तचिन्ह व अदृश्य जोडचिन्ह हा क्रमही मान्य केला आहे. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु संकेतांची जशीच्या तशी तुलना करणाऱ्या शोधाच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द ठरतात. अदृश्य चिन्ह गळाल्यास तेथे रफार उमटतो आणि 'आचाऱ्यांना' याचे 'आचार्यांना' होते. म्हणजे स्वयंपाक्याचा गुरू होतो.

समजा, देगलूरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात प्रवेशनोंदीची प्रणाली वापरली जाते. 'मराठीत आडनाव टंकलिखित करताच नोंद सापडते,' असे तिच्या पुस्तिकेत नमूद आहे. 'कऱ्हाडे' हे आडनाव नोंदविताना एक रूप व शोधताना दुसरे रूप वापरले गेले, तर पडद्यावर 'नोंद नाही' असे उत्तर येते. लिपिक पुस्तिकेवर विसंबून तेच उत्तर विद्यार्थ्याला देतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर हानी त्या विद्यार्थ्याची होते.

मतभेदाची कारणे :
प्रणाली लिहिणाऱ्याच्या मते शोध ठरविल्याप्रमाणेच चालतो, पुस्तिकेतील एक वाक्य तेवढे चुकले. म्हणून दोष किरकोळ आहे. चाचणी घेणाऱ्याच्या मते पुस्तिकेतील विधान हीच अपेक्षा असल्याने दोष गंभीर आहे. लिपिकाला तर दोष घडल्याचेही कळत नाही.

या वादाचे मूळ व्याख्येतही आढळते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात दोषांच्या सात श्रेणी आहेत. त्यांतील 'किरकोळ' या श्रेणीच्या व्याख्येत दोन गोष्टी एकत्र येतात : प्रणालीच्या उपयुक्ततेला बाध न येणे व दुरुस्ती सोपी असण्याची शक्यता. पुस्तिकेतील चूक दुरुस्त करणे बहुधा सोपे असते. त्यामुळे तिचा परिणामही अल्पच असेल, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः दुरुस्तीचे श्रम व चुकीचा परिणाम या दोन स्वतंत्र बाबी होत. त्याचप्रमाणे गांभीर्य व अग्रक्रम यांतही भेद करावा लागतो. गांभीर्य हानीवरून ठरते, तर अग्रक्रम वेळ, मनुष्यबळ व निकड यांवरून.

गांभीर्य ठरविण्याचे निकष :
१) पुस्तिकेवर विसंबून वापरकर्ता कोणती कृती करील?
२) ती कृती चुकल्याचे त्याला वेळीच कळेल काय?
३) झालेली हानी भरून काढता येईल काय?

प्रणाली थांबली तर वापरकर्ता सावध होतो. चुकीचे उत्तर शांतपणे मिळाले तर होत नाही. म्हणून वरील उदाहरणातील दोष गंभीरच मानावा लागेल. पुस्तिकेत मर्यादा नमूद केल्यास धोका कमी होतो, हे खरे. परंतु दोन्ही रूपे एकच मानणारा शोध उपलब्ध होईपर्यंत दोष संपत नाही.

निष्कर्ष :
पुस्तिका व प्रणाली यांपैकी चूक कोणाची, हा प्रश्न दुरुस्ती कोठे करावी हे सांगतो. दोष किती गंभीर आहे, हे सांगत नाही. ते विश्वास ठेवणाऱ्याच्या हानीवरूनच ठरवावे लागते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना प्रणालीइतकीच तिची पुस्तिकाही पडताळून पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते.