फड्या निवडुंगाची कुसळं

माण-खटावपासून सांगोला-जतपर्यंतच्या माळांवर, शेतांच्या बांधांवर, पडक्या गढ्यांच्या भिंतींवर फड्या निवडुंग अजून तग धरून आहे. त्याची लालभडक बोंडं दिसली की मुलं हात घालतातच, मोठ्यांनाही मोह आवरत नाही. फडावरचे लांब काटे लांबूनच दिसतात, म्हणून त्यांना सगळे जपतात. बोंडावर तसे काटे फारसे नसतात, त्यामुळे ते निर्धास्तपणे तोडलं जातं. दोन मिनिटांनी बोटं चुरचुरायला लागतात आणि उजेडात हात धरून पाहिलं तरी काही दिसत नाही.

ही करामत कुसळांची. निवडुंगाच्या फडावर आणि बोंडावर जे बारीक ठिपके दिसतात, त्या प्रत्येक ठिपक्यात पिवळट-तपकिरी कुसळांचा झुबका असतो. एकेक कूस जेमतेम काही मिलिमीटरचं, केसाहून बारीक, आणि नुसत्या स्पर्शाने झाडापासून सुटणारं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याच्या अंगावर मागे वळलेले खवले दिसतात, उलट्या बाजूने रचलेल्या कौलांसारखे. आत जाताना ते आड येत नाहीत, बाहेर येताना मात्र कातडीत अडकतात. म्हणूनच हात चोळला की कूस निघत नाही, आणखी खोल जातं किंवा मोडून त्याचं टोक आत राहतं.

हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. किरमिजी रंग देणारे किडे पोसता यावेत म्हणून कंपनी सरकारच्या काळात त्याच्याकडे व्यापारी नजरेने पाहिलं गेलं. 1795 मध्ये ब्राझीलहून आणलेला किडा रंगासाठी कुचकामी निघाला, पण निवडुंगाची एक जात त्याने फस्त केली. पुढे 1926 मध्ये श्रीलंकेतून त्याच कुळातला दुसरा किडा आणला गेला, तो मुद्दाम निवडुंग आटोक्यात आणण्यासाठी. आज माळावर दिसतो तो त्यातून वाचलेला आणि पुन्हा पसरलेला निवडुंग. शहरातल्या नर्सरीत कुंडीत मिळणारा, सशाच्या कानांसारख्या फडांचा निवडुंग याच घराण्यातला आहे. त्याला मोठा काटा एकही नसतो, फक्त मखमली ठिपके असतात, आणि ते सगळे ठिपके म्हणजे कुसळंच. घरात रांगतं मूल असेल तर ती कुंडी खाली ठेवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

कुसळं भरली की पहिलं काम म्हणजे काहीही न चोळणं. हात पँटला पुसायचा नाही, डोळ्यांना लावायचा नाही, आणि बोट तोंडात घालून दातांनी कूस ओढायचं तर मुळीच नाही. जिभेत किंवा ओठात रुतलेलं कूस काढणं बोटातल्यापेक्षा कितीतरी अवघड. सावलीत बसावं, मोबाइलचा टॉर्च वरून न धरता बाजूने, कातडीला जवळजवळ समांतर धरावा. तिरप्या उजेडात कुसळांच्या सावल्या पडतात आणि ती दिसू लागतात. मग बारीक टोकाच्या चिमट्याने कूस कातडीलगत पकडून, ज्या दिशेने शिरलं त्याच रेषेत सरळ ओढावं. मोठे काटे आधी, कुसळं नंतर.

चिमट्याने न सुटणाऱ्या कुसळांसाठी पांढरा डिंक कामी येतो. अमेरिकेत 1987 साली बालरोगांवरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात सशांच्या कातडीवर केलेला तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या चिमट्याने 76 टक्के कुसळं निघाली, नुसत्या घरगुती पांढऱ्या डिंकाने 63 टक्के, आणि आधी चिमटा व मग डिंक असा क्रम ठेवल्यावर 95 टक्के. चिकटपट्टी या दोन्हींच्या बरीच मागे राहिली. आपल्याकडे फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक प्रत्येक घरात असतो. त्याचा पातळ थर द्यावा, ओला असतानाच त्यावर गॉजची पट्टी बसवावी, पूर्ण वाळू द्यावी, मग एका कडेने सावकाश सोलावी. वाळायला अर्धा तास लागला तर लागू द्यावा. झटपट चिकटणारा फेव्हिक्विकसारखा डिंक मात्र वापरू नये. तो कातडी धरून ठेवतो, सोलून येत नाही. तेल लावल्याने चिमटा निसटतो, म्हणून तेही नको.

गावाकडे काटा वर यावा म्हणून रुईचा चीक लावतात. या उपायामागे पिढ्यांचा विश्वास आहे हे मी जाणतो, तरी तो करू नका असंच सांगेन. रुईचा चीक कातडी पोळतो आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा करतो. सह्याद्रीत कातळावर दिसणारा, तोडल्यावर दुधासारखा चीक गाळणारा त्रिधारी निवडुंग तर वेगळ्याच कुळातला. त्याच्या बाबतीत काट्यापेक्षा चिकाची काळजी आधी घ्यायची: साबण-पाण्याने धुवायचं, आणि डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने डोळा धुऊन थेट डॉक्टरांकडे जायचं.

कपड्यांकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. हात मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी तीच पँट पुन्हा टोचते. कुसळं भरलेला टी-शर्ट डोक्यावरून ओढून काढू नये, चेहऱ्यावर आणि पापण्यांवर कुसळं पडतात. जुना असेल तर सरळ कात्रीने कापावा. बाकीचे कपडे घराबाहेरच काढून, वाळलेले असतानाच, पॅकिंगची रुंद चिकटपट्टी दाबून-उचलून साफ करावेत. कातडीवर कमी पडणारी पट्टी कापडावर चांगली चालते. मोठे काटे कंगव्याने उपसावेत. ॲरिझोनाच्या वाळवंटात फिरणारे लोक चोया निवडुंगाच्या अख्ख्या गाठी कंगव्यानेच उडवतात. हे कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये घालू नयेत, कारण कुसळं पाण्यात विरघळत नाहीत, फक्त जागा बदलतात. लोकरी कपडे आणि मोजे सहसा वाचत नाहीत, ते टाकून द्यावेत. सॅकचे पट्टे आणि गाडीची सीटही विसरू नये.

कुसळं निघाल्यावर जागा साबणाने धुवावी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल आणि जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल, तर डॉक्टरांना विचारावं. थोडी कुसळं आत राहिली तर काही दिवसांनी बारीक लालसर गाठी येतात. त्या कधी आठवडे, कधी महिने टिकतात. नखाने कोरू नयेत. मधुमेह असलेल्यांनी पायातल्या काट्यासाठी घरी सुई घेऊन बसू नये.

सांध्याजवळ, विशेषतः बोटाच्या पेराला किंवा गुडघ्याला, मोठा काटा रुतला असेल आणि नंतर तो सांधा सुजून आखडला, तर थांबू नये. वनस्पतीचा काटा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसू शकतो. तोवर वरची जखम भरलेली असते आणि माळावरची ती दुपार विसरलेली असते, म्हणून निवडुंगाचा काटा लागला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगावं, मध्ये महिना उलटला असला तरी.