सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे

केळीचें नांव निघालें कीं जळगांव आठवतें. रावेर-यावलच्या काळ्या जमिनींतल्या त्या बागांच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं, पावरा व तडवी भिल्लांचे पाडे आहेत. पाडा म्हणजे मोजक्या घरांची वस्ती. तिची ग्रामपंचायत बहुधा स्वतंत्र नसून दूरच्या मूळ गांवाची असते. तेथें पाड्याचीं मतें थोडीं, म्हणून पाणी आणि रस्ता मागणारा त्याचा आवाजही थोडा. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील अशा वस्तीसही गांव मानतां येतें आणि तिला स्वतःची ग्रामसभा मिळते. त्यासाठीं, महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांप्रमाणें, पाड्यांतील मतदारांनीं ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो. तोंवर हा हक्क कागदावरच राहतो.