अपस्मारावरील शस्त्रक्रियेपूर्वीचे मेंदूचे प्रतिमांकन : एक तौलनिक विचार

प्रस्तावना

अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. अशा रुग्णांत, विशेषतः मुलांत, मेंदूच्या बाह्यकाची गर्भावस्थेतच झालेली सदोष घडण हे एक महत्त्वाचे कारण असते. तिचा एक प्रमुख प्रकार म्हणजे टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये वर्णिलेला फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझिया होय. सदोष भाग शस्त्रक्रियेने काढल्यास झटके थांबू शकतात. मात्र तो भाग नेमका कोठे आहे, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चार प्रतिमांकन पद्धतींची तुलना प्रस्तुत लेखात केली आहे.

रचनेचे प्रतिमांकन

एमआरआय ही या तपासणीची पहिली पायरी होय. जाड झालेले बाह्यक, करड्या व पांढऱ्या भागांमधील पुसट सीमारेषा ही या विकृतीची लक्षणे तीत दिसतात. २०११ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील दुसऱ्या प्रकारात ती बहुधा स्पष्ट असतात. पहिल्या प्रकारात मात्र एमआरआय पुष्कळदा निर्दोष भासते. जाड छेदांच्या नेहमीच्या तपासणीत सूक्ष्म दोष निसटतात. म्हणूनच २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेच्या तज्ज्ञांनी एक मिलिमीटर सूक्ष्मतेच्या त्रिमितीय प्रतिमांची शिफारस केली. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पांढऱ्या भागाची वाढ अपूर्ण असल्याने दोष झाकला जाऊ शकतो व तपासणी पुढे पुन्हा करावी लागते.

कार्याचे प्रतिमांकन

पेट तपासणीत किरणोत्सारी ग्लुकोजसदृश द्रव्य देऊन, दोन झटक्यांमधील काळात, मेंदूचा कोणता भाग ग्लुकोज कमी वापरतो हे पाहतात. ही प्रतिमा एमआरआयवर बसविल्यास आधी दुर्लक्षित राहिलेली घडी लक्षात येऊ शकते. परंतु कमी वापराचे क्षेत्र प्रत्यक्ष विकृतीपेक्षा बहुधा विस्तृत असते.

स्पेक्ट तपासणी रक्तप्रवाह दाखविते. झटका सुरू होताच काही सेकंदांत इंजेक्शन दिल्यास द्रव्य त्या क्षणीच्या रक्तप्रवाहानुसार मेंदूत स्थिरावते. प्रतिमा नंतर काही तासांतही घेता येते. इंजेक्शनला उशीर झाला, तर झटक्याच्या उगमाऐवजी त्याचा प्रसार दिसतो.

एमईजी तपासणी चेतापेशींच्या विद्युत्प्रवाहाने निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र मोजते. कवटीमुळे ते फारसे विकृत होत नाही व मिलिसेकंदांचे बदलही टिपता येतात. मात्र खोलवरचे उगम क्षीण भासतात आणि ही महागडी सोय मोजक्याच केंद्रांत असते.

तौलनिक विचार

या पद्धती एकमेकींना पर्याय नाहीत, कारण त्यांना विचारलेले प्रश्नच भिन्न आहेत. घडण कोठे बिघडली हे एमआरआय सांगते, कार्य कोठे मंदावले हे पेट, तर झटका कोठून निघाला याचे उत्तर स्पेक्ट व एमईजी देतात. 'एमआरआय निर्दोष' या शेऱ्यावर थांबल्यास शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा रुग्ण उपचाराला मुकतो. उलट, पेटमधील क्षेत्रालाच छेदाची सीमा मानल्यास वाचा वा हालचाल सांभाळणारा निरोगी भाग नाहक गमवावा लागेल.

निष्कर्ष

झटक्यांची लक्षणे, व्हिडिओ-ईईजी व प्रतिमा एकाच जागेकडे निर्देश करीत असतील, तर शस्त्रक्रियेचा पाया भक्कम होतो. त्यांत विसंगती असल्यास मेंदूच्या आत विद्युदग्रे बसवून नोंद घेण्याचा मार्ग उरतो. आणि ती कोठे बसवावीत, हेही प्रतिमाच सुचवितात.