डबा आणि डब्याची पिशवी

हौसेने बांधलेला डबा आणि हौसेने केलेले हस्तकाम या दोन गोष्टी मराठी घरात सहसा एकत्र मोजल्या जात नाहीत. पहिली रोजच्या कामात जमा होते, तर दुसरी सुट्टीच्या दुपारची करमणूक समजली जाते. तरीही दोन्हींची जात एकच आहे, कारण दोन्हींत करणाऱ्याला आटोपशीर मर्यादेत आपले कसब दाखवायचे असते. डब्याला वाट्यांचे आकारमान आणि तो उघडण्याची वेळ बांधून घालते, तर हस्तकामाला कापडाचा तुकडा, लोकरीचा गुंडा आणि हाताशी असलेली जागा. दक्षिण दिल्लीतील मुनिरका ही वस्ती हे पाहण्यासाठी सोयीची आहे, कारण तिथे ही मर्यादा माणसाने आखून घेण्याआधी घरमालकाच्या खोलीनेच आखून दिलेली असते.

मुनिरका हे मूळचे टोकस कुळातील जाटांचे गाव असून शहर वाढता वाढता ते चहूबाजूंनी वेढले गेले. महसुली नकाशात गावठाणाभोवती ओढलेल्या रेषेला दिल्लीत ‘लाल डोरा’ म्हणतात, आणि या रेषेच्या आतल्या घरांना बांधकामाचे नियम दीर्घकाळ लागू नसल्यामुळे तिथे अरुंद गल्ल्यांच्या दोन्ही अंगांना चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. १९६९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्लीची आयआयटी या दोन्ही संस्था जवळ असल्याने या इमारतींतील खोल्यांना भाडेकरूंची कधीच वाण पडली नाही. गावाला लागून दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आहेत आणि पलीकडे रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहती. बदलीवर आलेल्या कुटुंबांना तिथे निदान वेगळे स्वयंपाकघर तरी मिळते. गावठाणातल्या खोलीत मात्र शेगडी, पुस्तके आणि अंथरूण एकमेकांच्या हद्दीतच नांदतात.

डब्याविषयी मराठी वाचकाची कल्पना मुंबईने घडवली आहे. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेत डबा घरून उशिरा निघतो आणि जेवणाच्या वेळी कचेरीत पोचतो, त्यामुळे त्यात पातळ आमटीही निर्धास्तपणे जाते. दिल्लीत अशी व्यवस्था रुजली नाही. मुनिरक्याहून निघणारा माणूस आपला डबा स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीतून नेतो आणि गर्दीच्या मेट्रोत तो आडवा होणार हे गृहीत धरतो. चार पुडांचा उभा पितळी डबा इथे गैरसोयीचा ठरतो, आणि घट्ट झाकणाचे एक-दोन पसरट डबे सोयीचे.

अशा डब्याचे शास्त्र चवीपेक्षा वेळेचे आहे. सकाळी आठला भरलेले अन्न एक वाजता कसे लागेल, याचा अंदाज ज्याला येतो त्याला डबा जमला असे म्हणावे. पोळी गरम असतानाच डब्यात ठेवली तर तिची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि वरच्या दोन पोळ्या भिजतात. ती पूर्ण गार होऊ दिली तर कडा वातड होतात. म्हणून तिची धग निवाली पण ऊब राहिली अशा वेळी तूप लावून घडी घालतात आणि ती सुती फडक्यात गुंडाळतात, म्हणजे सुटणारी वाफ फडके टिपून घेते. काकडीच्या कोशिंबिरीत सकाळीच मीठ घातले तर दुपारपर्यंत तिचे पाण्यात बुडालेले काप होतात, कारण मिठाचे प्रमाण बाहेर जास्त झाले की पेशींतले पाणी त्या बाजूला ओढले जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. त्यावर उपाय दोनच: मिठाची पुडी वेगळी द्यावी, किंवा सुटलेले पाणी शोषण्याइतके दाण्याचे कूट घालावे.

भाताच्या बाबतीत मात्र प्रश्न केवळ रुचीचा नसतो. भात शिजताना बहुतेक जिवाणू मरतात, परंतु बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीत तग धरणारी त्याची कवचबंद रूपे, त्यातून वाचतात, आणि कोमट भात झाकून ठेवला की पुन्हा वाढू लागतात. त्यांच्या वाढीतून जे विष तयार होते त्यातले एक भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा अशा वाढीला पोषक मानला जातो, म्हणून भात एकतर उष्णता धरून ठेवणाऱ्या डब्यात कढत भरावा, नाहीतर परातीत पसरून लवकर गार करावा. चाळिशी ओलांडणाऱ्या दिल्लीच्या उन्हाळ्यात ‘गार’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही, हे खरे. तिथे दहीभाताची जुनी युक्ती उपयोगी पडते: सकाळी मऊ, पुरता निवलेला भात दुधात कालवून त्याला चमचाभरच विरजण लावायचे, म्हणजे डबा उघडेपर्यंत दूध विरजते आणि भात आंबट न होता ताज्या दह्याचा लागतो. चमचाभर म्हणजे नेमके किती, हे मात्र महिन्यागणिक बदलते, आणि हौशी माणसाची खरी परीक्षा तिथेच असते.

हे ज्ञान नवे नाही. प्रवासात नेण्याची दशमी पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून करत, कारण सोवळ्याओवळ्याच्या नियमांत ती बाहेर खायला चालत असे आणि शिवाय ती मऊही राहत असे. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी हे सारे पदार्थ टिकण्याच्या कसोटीवर निवडले गेले. शिदोरीला धार्मिक प्रतिष्ठाही आहे: सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्याच्या कथेतून आलेल्या गोपाळकाल्याने पंढरपूरच्या आषाढी वारीची सांगता गोपाळपुरात पौर्णिमेला होते. पुढे घरापासून दूर राहून प्रथमच चूल मांडणाऱ्यांसाठी कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी आणि चमचा ही मापे दिली, आणि ‘अंदाजाने’ या शब्दाची दहशत बरीच कमी केली. मुनिरक्याच्या खोलीत तराजू नसला तरी वाटी असतेच.

जपानमध्ये डबा भरणे हा मान्यताप्राप्त छंद आहे. तिथल्या डब्याला बेंतो म्हणतात. नाटकाच्या दोन अंकांमधल्या वेळात खाण्याचा बेंतो एदो काळात रूढ झाला, रेल्वे आल्यावर स्थानकांवर गावोगावचे बेंतो विकले जाऊ लागले, आणि अलीकडे भात व समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यांतून चित्रकथांतील पात्रांचे चेहरे घडवण्याची ‘क्याराबेन’ नावाची शाखाच निघाली. बेंतो सपाट असतो आणि झाकण काढताच सगळा एका नजरेत दिसतो, म्हणून तिथे हौस सजावटीकडे वळली. मराठी पानातही मांडणीचे व्याकरण आहे: वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भात. मात्र पुडांच्या डब्यात ते व्याकरण मोडते, कारण पदार्थ एकावर एक बसतात आणि एकेक करून उघडतात. मराठी डब्याची हौस त्यामुळे डोळ्यांपेक्षा जिभेकडे आणि घड्याळाकडे गेली. मुलांच्या डब्यात पोळीचे मांजर कापणे हे अलीकडचे लोण आहे. त्यात वाईट काही नाही, पण मांजराच्या कानाभोवतीची कातरणे शेवटी कोणीतरी खावी लागतात.

दाटीच्या वस्तीत डब्याला आणखी एक बाजू असते, ती म्हणजे वासाची. मुनिरक्यात ईशान्य भारतातून आलेले भाडेकरू मोठ्या संख्येने राहतात, आणि बांबूचे कोंब किंवा आखुनी, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, शिजवण्यावरून घरमालकांशी होणारे त्यांचे खटके दिल्लीत सर्वज्ञात आहेत. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या सूचना-पुस्तिकेत असे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता करावेत अशी सूचना होती आणि तिच्यावर सडकून टीका झाली. सुक्या बोंबलाची चटणी डब्यात नेणाऱ्या कोकणी माणसाला हा प्रसंग परका वाटू नये. अन्न हौसेचे असले तरी त्याचा वास सार्वजनिक असतो, आणि लोकर किंवा कापड यांवर काम करणाऱ्याला ही अडचण कधीच येत नाही.

या दोन छंदांना जोडणारी सर्वांत साधी वस्तू म्हणजे डब्याची पिशवी. ती शिवणे वरवर सोपे वाटते, पण नुसत्या दोन चौकोनी तुकड्यांना तीन बाजूंनी टीप मारली तर डबा आत तिरका बसतो आणि आमटी पिशवीत सांडते. म्हणून उलट्या बाजूने तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणात ओढून त्यांवर आडवी टीप मारतात, त्यामुळे पिशवीला सपाट बूड मिळते. डब्याच्या रुंदीइतकी ही टीप लांब असावी, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये जुन्या सुती साडीचे दोन-तीन थर घालून उभे-आडवे धावदोरे घातले की ती एक छोटी गोधडीच होते. थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता सावकाश जाऊ देते, आणि धावदोरा हे थर एकमेकांवरून सरकू देत नाही. गोधडी थंडीत अंगाची ऊब जशी राखते तशीच ही पिशवी डब्याची राखते.

जागेच्या दृष्टीने पाहिले तर क्रोशाइतके मुनिरक्याला साजेसे हस्तकाम दुसरे नाही, कारण त्याला एक आकड्याची सुई आणि एक गुंडा पुरतो आणि अर्धवट काम पिशवीत कोंबून ठेवता येते. साखळी, खांब आणि मुका खांब हे त्याचे मूळ टाके: साखळी म्हणजे एकातून एक ओढलेले फास, खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन घातलेला उंच टाका, आणि मुका खांब म्हणजे वेढा न घेता घातलेला बुटका टाका. गोल रुमाल सपाट राहायचा असेल तर प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवावे लागतात. मुक्या खांबांच्या कामात साधारण सहा. वाढ कमी पडली तर रुमालाची वाटी होते, आणि जास्त झाली तर कडा झालरीसारख्या दुमडू लागतात. ज्या झालरीमुळे नवशिका काम उसवतो, तिच्याच आधारे १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील गणिती दाइना ताइमिन्या यांनी अतिपरवलयी पृष्ठभाग, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी घोड्याच्या खोगिराप्रमाणे दोन दिशांनी उलटसुलट वळणारा पृष्ठभाग, हाती धरता येईल अशा रूपात विणून दाखवला. विणकामाची यंत्रे घरोघरी पोचली, पण क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र बाजारात आलेले नाही. हाताच्या कामाला एवढा निर्विवाद मान क्वचित मिळतो.

सामानासाठी मुनिरक्याच्या हौशी माणसाला फार हिंडावे लागत नाही. मे २०१८ मध्ये इथून मेट्रोची मॅजेंटा मार्गिका सुरू झाल्यापासून हौज खासला गाडी बदलली की चांदणी चौक थेट गाठता येतो, आणि तिथल्या किनारी बाजारात गोटा, जरीकाठ, मणी, टिकल्या यांची दुकानेच्या दुकाने आहेत. चांदणी चौकाच्या वाटेवरच्याच आयएनए स्थानकाशेजारी १९९४ पासून असलेल्या दिल्ली हाटमध्ये देशभरचे कारागीर आपला माल घेऊन येतात. तिथे एक फरक डोळ्यांत भरतो: कारागिराचा हात एकच नमुना शेकडो वेळा करून सफाईदार झालेला असतो, तर हौशी माणूस दुसरी वस्तू करण्याआधीच तिसरीच्या मागे लागतो.

हाच फरक डब्याच्या बाबतीत अधिक टोचतो. मुंबईच्या गिरणगावात कामगारांसाठी खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा प्रश्न सावकारी कर्जाचा आणि अखंड कष्टांचा होता. त्या स्वयंपाकाला छंद म्हणणे क्रूरपणाचे झाले असते. आजही घरातल्या एकाच व्यक्तीने सगळ्यांचे डबे रोज भरावेत आणि त्याला तिची ‘आवड’ म्हणावे, हा प्रकार सर्रास चालतो. ज्याला ‘आज डबा नाही’ असे बिनदिक्कत सांगता येते त्याच्याच डब्याला हौस म्हणावे, हा निकष त्यामुळे रास्त ठरतो. एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला ती मोकळीक आपोआप मिळते, आणि मुनिरक्यात पुरुषांच्या हातचे डबे दिसण्यात नवल वाटत नाही ते यामुळेच.

अन्न आणि हस्तकाम एकाच चौरंगावर मांडण्याची मराठी रीत म्हणजे रुखवत. लग्नात वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या या पसाऱ्यात लाडू, करंज्या, चकल्या यांच्या शेजारी मण्यांची तोरणे, लोकरीचे रुमाल, सुपाऱ्यांची सप्तपदी आणि इवलीशी भातुकली असते. वधूच्या कौशल्याची ही जाहीर परीक्षा होती, हे या रीतीचे अप्रिय अंग विसरता येत नाही. आता रुखवत तयार विकत किंवा भाड्याने मिळते, त्यामुळे परीक्षा गेली आणि मांडणी राहिली.

संक्रांतीचा हलवा मात्र एकाच वेळी खाद्यही आहे आणि हस्तकामही. मंद आचेवरच्या परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन त्यावर साखरेचा पाक चमचा-अर्धा चमचा सोडत जायचे आणि बोटांनी अखंड हलवत राहायचे. प्रत्येक पातळ थर वाळला की साखरेचे स्फटिक आधीच्या उंचवट्यांवर बसत जातात आणि तासन्‌तासांच्या खटपटीनंतर दाण्यादाण्यावर काटे फुलतात. पाक एकदम जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो, आच वाढली तर हलवा पिवळा पडतो. हेच दाणे दोऱ्यात ओवून नववधूसाठी मंगळसूत्र, बाजूबंद, आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट व बासरी करतात, आणि ते काळ्या कपड्यावर घालतात म्हणून पांढरे काटे उठून दिसतात. हलव्याला थंड आणि कोरडी हवा मानवते. दिल्लीच्या जानेवारीत थंडी भरपूर असली तरी धुक्याच्या दिवसांत हवा दमट राहते, म्हणून ऊन पडलेला दिवस निवडावा आणि झालेला हलवा लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. पुण्याला किंवा दादरला तयार दागिने सहज मिळतात, पण काटे ठिसूळ असल्याने लांबच्या टपालात ते झडतात, आणि मुनिरक्याच्या एखाद्या मराठी घरात पहिली संक्रांत असेल तर परात चढवणेच त्यातल्या त्यात भरवशाचे ठरते.