मलिक अंबरच्या शहरात दोन दिवस

सुट्टीत आम्ही कनेरगाव नाक्याहून मुलाबाळांसह औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो. बीबी का मकबरा पाहिला, पण मुले रमली ती पाणचक्कीवर. डोंगरातून मातीच्या नळांनी आलेल्या पाण्यावर इथले जाते फिरे आणि त्या पिठावर फकिरांचे पोट भरे.

हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये हे शहर खडकी नावाने वसवले आणि त्याच्यासाठी जमिनीखालून नहर आणली. खुलताबादला त्याच्या कबरीपाशी आम्ही मगफिरतीची दुआ केली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या मराठवाड्यात मुलांना सदका-ए-जारियाचा अर्थ समजावायचा असेल, तर ही नहर जरूर दाखवा.