रुंद टायरची हौस, पण जरा हिशेबात!

पहिला पगार झाला की मोबाइल, पहिलं इन्क्रिमेंट मिळालं की बाइक आणि घरच्यांनी लग्नाचा विषय काढायच्या आत कार! आपल्या पिढीचा हा ठरलेला रूट. पण खरा किडा चावतो तो गाडी दारात आल्यावर. सिग्नलला शेजारी एखादी रुंद टायरची, झगझगीत अॅलॉयवाली गाडी येऊन थांबते आणि आपलीच गाडी अचानक सायकलच्या चाकांवर उभी असल्यासारखी वाटायला लागते. मग काय, शनिवारची सकाळ टायरच्या दुकानात!

माझ्या मावसभावाचं हेच झालंय. मूळ गाव नेसरी, नोकरी पुण्यात आयटीमध्ये. दोन वर्षं पैसे साठवून त्याने सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली, २०१४ची. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. फेरारी नव्हे, कबूल. पण गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म किंवा रांजणगावची अबार्थ पुंटो आता नवी मिळत नाही. चाकणची पोलोही २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे जुन्या बाजारात आपल्या बजेटची स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. तिला आता सतरा इंची अॅलॉय आणि २१५चे टायर घालायचे, असं त्याने जाहीर केलंय. ‘ताई, मागनं बघितलं की गाडी कशी दिसाय पाहिजे? नादखुळा!’

दिसेल रे बाबा. पण हीच गाडी महिन्यातून दोनदा मावशीला घेऊन पुणे-नेसरी करते. म्हणजे एका बाजूचे तीनशेच्या आसपास किलोमीटर! म्हणून एका रविवारी नेसरीच्या अंगणात आम्ही वही-पेन घेऊन बसलो.

आकड्यांचा फंडा

त्याच्या टायरवर लिहिलंय १८५/६० आर१५ ८४एच. ही कुंडली वाचता आली की अर्धं काम झालं. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजेच १११ मिमी. १५ हा रिमचा व्यास, इंचात. ८४ हा वजनाचा कोड, एका टायरने पेलायचे ५०० किलो. आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग.

आता गणित करा. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, त्यात दोन भिंती मिळवा. चाकाचा एकूण व्यास आला ६०३ मिमी. मंडळी, हाच आकडा जपायचा असतो! रिम मोठी झाली की टायरची भिंत लहान करायची, म्हणजे एकूण चाक तेवढंच राहतं. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा साधारण नियम आहे. तो जास्त झाला, तर स्पीडोमीटर चुकीचं सांगायला लागतो. टायर वळताना मडगार्डला घासतो, ते वेगळंच.

भावाचा लाडका साइज २१५/४० आर१७. व्यास जवळजवळ ६०४ मिमी, म्हणजे परफेक्ट! युरोपात पोलो जीटीआयला कंपनीच हा साइज द्यायची. मग अडचण कुठे?

२५ मिलिमीटरची गोष्ट

अडचण भिंतीत आहे. २१५चे ४० टक्के म्हणजे फक्त ८६ मिमी. मूळ टायरपेक्षा २५ मिमी कमी. खड्डा आला की आधी दबते ती ही रबराची भिंत. ती एक इंचाने कमी झाली की धक्का थेट रिमला आणि तिथून सस्पेन्शनला. टायरला फुगा येणं, रिमला चीर जाणं हे प्रकार तिथूनच सुरू होतात. कोल्हापूरच्या माणसाला कास्टिंग काय चीज असते, हे वेगळं सांगायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये अर्ध्या जिल्ह्याचे पाहुणे कामाला आहेत. ओतीव धातू वाकण्याआधी तडकू शकतो. स्वस्तातली, बिनब्रँडची अॅलॉय घेताना हे लक्षात ठेवा.

संकेश्वरला हायवे सोडला की गडहिंग्लजमार्गे नेसरीचा रस्ता. गळीत हंगामात समोर उसाच्या ट्रॉल्या, रात्री बिनलाइटच्या. त्यांना चुकवायला गाडी कडेला घेतली आणि खाली खड्डा निघाला, तर तिथे २५ मिमीची किंमत कळते.

रुंद म्हणजे जास्त पकड?

हो, पण कोरड्या रस्त्यावर. टायर रुंद केला म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग दुप्पट होत नाही. तो मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतो. बदलतो तो आकार. लांबट ठसा आडवा होतो, वळणावर टायर कमी वाकतो आणि स्टिअरिंग चटकन प्रतिसाद देतं. ती मजा खरी आहे.

पण जुलै महिन्यात आजरा-चंदगड पट्ट्यातला पाऊस कधी पाहिलाय? रस्त्यावर पाणी साचलं की रुंद टायरला जास्त पाणी बाजूला ढकलावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी आपली राहत नाही. तेवढ्याच वेगात अरुंद टायर पाणी कापून खाली टेकलेला असतो.

रॅलीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. जागतिक रॅली स्पर्धेत डांबरी रस्त्यावर १८ इंची चाकं लावतात, पण खडी-मातीवर १५ इंची, जाड भिंतीचे टायर. बर्फावर तर मुद्दाम अरुंद! फॉर्म्युला वनचंही बघा. २०१७ मध्ये त्यांनी पुढचे टायर २४५वरून ३०५ मिमी केले, मागचे ३२५वरून ४०५. आणि २०२६च्या नियमांत पुन्हा बारीक: पुढचे २८०, मागचे ३७५. वजन आणि हवेचा अडथळा कमी करायला. जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांचे टायर बारीक होतायत आणि आपण मात्र रुंदीच्या मागे!

कोल्हापूरला रेसिंगचं वेड नवं नाही. मोहितेंची रेसिंग अॅकॅडमी इथलीच आणि इथलेच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आले. पण ट्रॅक वेगळा आणि गावचा रस्ता वेगळा, भावा!

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाऊन गाडीत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. अपघात झालाच, तर इन्शुरन्सवाले बाहेर आलेली चाकं आधी बघणार. त्यामुळे कंपनीने त्याच मॉडेलला दिलेला साइज हा सगळ्यात सेफ गेम.

आणि तोडगा तिथेच सापडला. पुढच्या वर्षांतल्या पोलोच्या वरच्या मॉडेलला कंपनीने १९५/५५ आर१६ टायर दिले होते. रुंदी दहा मिमी जास्त, रिम एक इंच मोठी आणि भिंत किती? १०७ मिमी! म्हणजे मूळ टायरपेक्षा फक्त चार मिमी कमी. व्यास तीन टक्क्यांनी वाढतो, गाडी नऊ मिमी वर उचलली जाते. काट्याने १०० दाखवले की खरा वेग थोडा जास्त असणार, हे मात्र डोक्यात ठेवायचं. भाऊ आधी थोडा हिरमुसला. मग मावशीनेच विचारलं, ‘दोन्हींत पावसाळ्यात बरं कुठलं?’ विषय संपला. सोळा इंची फायनल!

दुकानात जाण्याआधी

- ड्रायव्हरच्या दाराजवळचं किंवा पेट्रोलच्या झाकणातलं स्टिकर वाचा. साइज आणि हवा, दोन्ही तिथे असतं.
- रिमचा पीसीडी जुळायलाच हवा. पोलोला ५ बाय १००. मधलं भोक ५७.१ मिमी. मोठं असेल तर योग्य रिंग बसवा.
- रिमची रुंदी आणि ऑफसेट विचारा. २१५/४०ला किमान ७ जे रिम लागते.
- वजनाचा कोड मूळपेक्षा कमी नको. साध्या २१५/४० आर१७वर ८३ असतो, म्हणजे ४८७ किलो. ८४ला कमी पडला!
- जड रिम घेऊ नका. पिकअप, ब्रेक आणि राइड, तिन्ही मार खातात.
- टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जुना माल सरळ परत करा.
- खाचा १.६ मिमीपेक्षा कमी झाल्या की टायर बदलायचा. आणि टायर टाकल्यावर अलाइनमेंट मस्ट!

आणि हो, बजेट कमी असेल तर आहे त्याच रिमवर, आहे त्याच साइजचा उत्तम टायर घ्या. सिग्नलवर कोणी वळून बघणार नाही कदाचित, पण ओल्या वळणावर ब्रेक दाबाल तेव्हा गाडी थांबेल. पैसे वसूल!